युनशीची तीन वयं

"दहा," आई म्हणाली.

"आठ," पेइयू म्हणाली.

"ओळखीच्या कार्डावर आठच आहे," ज्याहोंग म्हणाला, आणि आपण बायकोची बाजू घेऊन बसलो हे लक्षात येताच घाईघाईने पुढे म्हणाला, "पण आईचंही तसं चूक नाही."

सासू आणि सून, दोघींनीही त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने मुकाट्याने शेंगदाण्याच्या कुटात बोट बुडवलं आणि चाटायला लागला. हे त्याचं लहानपणापासूनचं. घरात वाद पेटला की ज्याहोंगला भूक लागते, आणि वाद रोजच पेटत असल्यामुळे त्याचं पोट सुटलं आहे, असं युएश्याचं म्हणणं. ती त्याची थोरली बहीण, तेव्हा तिला म्हणायचा हक्क आहे.

सकाळी सगळे डोंगरावर जाऊन बाबांच्या कबरीवरचं गवत काढून आले होते. छिंगमिंगचा दिवस, पितरांचा सण. आता टेबलाभोवती बसून पातळ पोळ्यांच्या गुंडाळ्या करायच्या, ज्याने त्याने आपल्या हाताने भरायच्या आणि बाबांबद्दल चार चांगले शब्द बोलायचे. ते राहिलं बाजूला. पोळ्या वाळत चालल्या होत्या आणि तीन मोठी माणसं एका पोरीच्या वयावरून हमरीतुमरीवर आली होती.

ती पोर समोरच होती. युनशी, ज्याहोंग आणि पेइयूची लेक. एवढ्या उकाड्यात तिने शाळेचं जाड जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं होतं आणि खांदे पुढे ओढून, कुबड काढून बसली होती. वरचा एक दुधाचा दात हलत होता, तो ती जिभेने पुढेमागे करत होती.

भांडणाचं मूळ होतं दवाखान्यातून आलेला चार पानी फॉर्म. हिवाळ्यात अंघोळ घालताना पेइयूच्या हाताला पोरीच्या छातीत बोराएवढं काहीतरी लागलं, पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाजूलाही लागलं, आणि त्या बाईची झोपच उडाली. तेव्हा युनशीला आठ पुरी व्हायची होती. आठच्या आत म्हणजे फार लवकर, असं डॉक्टर म्हणाले. लवकर वयात आलं, लवकर पाळी आली, की छातीला जन्मभर तेवढी जास्त वर्षं हार्मोनची झळ. त्यातून सख्ख्या आत्याला, म्हणजे युएश्याला, छातीचा कॅन्सर होऊन गेलेला. तेव्हा घाबरू नका, पण घरच्यांना विचारून सगळं नीट लिहून आणा, सोमवारी. घाबरू नका म्हटल्यावर पेइयू जास्तच घाबरली.

"आठच्या आत म्हणे!" आईने पोळी हातातच धरली होती. "पोर काय शून्य होऊन येते पोटातून? जन्मली तेव्हा एक. बारा दिवसांनी नवं वर्ष लागलं, तेव्हा दोन. तिथून मोज. दहा येतात की नाही?"

"म्हणजे तेराव्या दिवशी ती दोन वर्षांची होती?" पेइयूने विचारलं.

"होती! आणि दिसतही होती!"

युएश्याला हसू आवरेना. आईच्या पिढीतले सगळे असेच मोजतात, त्यात नवल नाही. पण बारा दिवसांच्या बाळाला दोन वर्षांचं रूप आल्याचं तिने आजच ऐकलं.

"आणि हाताच्या हाडांचा फोटो काढला ना तुझ्या डॉक्टरने?" आई आता रंगात आली. "हाडांचं वय किती सांगितलं त्याने? सांग की. गप्प का?"

पेइयू खाली बघून पुटपुटली, "दहा."

आईने दोन्ही हात टेबलावर आपटले. "बघा! हाडंसुद्धा माझ्या बाजूची!"

"आई, ते वाईट आहे! हाडं वयाच्या पुढे पळतायत. आता वर्गात उंच दिसते, पण लवकर थांबेल ती वाढायची."

"म्हणून तर कोंबडी आणलीय."

कोंबडी मागच्या अंगणात प्लॅस्टिकच्या क्रेटखाली होती. काळ्या कातडीची, पांढऱ्या पिसांची, अजून अंड्यावर न आलेली तलंग. पोर वयात यायला लागली की अशी तलंग बारा औषधी मुळ्यांत शिजवायची आणि पोरीने ती अख्खी, एकटीने, दाराआड बसून, कुणाशी न बोलता खायची. म्हणजे ती नीट 'मोठं माणूस' होते. मुलाला न आरवलेला कोंबडा, मुलीला अंडं न घातलेली कोंबडी. यात तडजोड नाही. औषधाच्या दुकानातल्या चुआंग वैद्यांनी वय विचारलं, आईने ठणकावून दहा सांगितलं, त्यांनी पुडीवर 'मुलगी, दहा' लिहून दिलं. डॉक्टरांनी असल्या ताकदीच्या काढ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं होतं. ते त्यांनी आठ वर्षांच्या मुलीबद्दल बजावलं होतं, असं आईचं म्हणणं.

"हे बघा, आधी फॉर्म भरू," ज्याहोंग म्हणाला. फॉर्ममध्ये तरी भांडण नसेल, अशी त्या भोळ्याची समजूत. त्याने पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "मऊ प्लॅस्टिकमधली रसायनं शरीरात हार्मोनसारखी वागू शकतात. मुलीचा तान्हेपणापासून कोणकोणत्या मऊ प्लॅस्टिकच्या वस्तूंशी संबंध आला? खाली लिहा. तीन ओळी दिल्यात."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

टेबलावर लिचीच्या घोसांचं चित्र असलेलं मऊ प्लॅस्टिक होतं. ते बाबांच्याच कारखान्यातलं. खुर्च्यांवरचं कव्हर कारखान्यातलं. पडदे, पायपुसणी, अंघोळीची चादर, बाळंत्याखालचं कापड, सगळं कारखान्यातलं. देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे जी पाच फळं होती तीसुद्धा गेल्या वीस वर्षांत सडली नव्हती.

"तीन ओळीत कसं मावेल?" ज्याहोंग काळजीने म्हणाला. "पुरवणी जोडावी लागेल."

"थट्टा करू नकोस," पेइयू म्हणाली. तिने येताना घरून स्टीलचे वाडगे आणले होते, आणि युनशीच्या ताटाखाली लिचीवर वर्तमानपत्र पसरलं होतं.

"थट्टा कसली? खरंच विचारतोय."

"याच प्लॅस्टिकवर तुझा नवरा शिकला, बाई," आई म्हणाली. "वर्तमानपत्राची शाई चालते का गं तुझ्या डॉक्टरला?"

युएश्याने लिचीच्या चित्रावरून बोट फिरवलं. ती आणि ज्याहोंग कारखान्याच्या वरच्या खोलीत वाढली. उन्हाळ्यात दुपारी खाली उतरून नव्या प्लॅस्टिकच्या गुंडाळ्यांवर झोपायची, गार लागायच्या. गाल चिकटून बसायचा, उठताना पट्टी उपटल्यासारखा आवाज यायचा. बाबा कडेवर घ्यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला तोच गोडसर वास असायचा, आणि आजही कुठे नवं प्लॅस्टिक उलगडलं की तिला बाबांची आठवण येऊन भरून यायचं. त्या वासाला काय म्हणून लिहायचं आणि कोणत्या ओळीत?

"पुढचं विचार," ती म्हणाली.

"घरातल्या स्त्रियांना पहिली पाळी कितव्या वर्षी आली? पेइयू?"

"तेरा."

"आई?"

"सोळा. आम्हाला खायला कुठे होतं?"

"ताई?"

युएश्याने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अकरा. मला लख्ख आठवतं. हिलाही मी अशीच तलंग करून घातली होती. एक तुकडा टाकला नाही पोरीने."

ज्याहोंगने 'अकरा' लिहिलं.

युएश्याच्या हातातली पोळी फाटली. आजवर कुठल्याही दवाखान्यात तिला कुणी विचारलं की ती अकराच सांगत आली. ऑपरेशनच्या आधीही तेच लिहिलं, कारण आई म्हणायची अकरा. पण ती आईची मोजणी! युएश्याही नवं वर्ष लागायच्या आठवडाभर आधी जन्मली होती. आईची अकरा म्हणजे कार्डावरची नऊ. नऊ वर्षं आणि काही महिने. चौथीत होती ती. तिला एकदम आठवलं की दाराआड कोंबडी खाताना तिच्या मांडीवर कापडाची बाहुली होती.

समोर आई खुशीत बसली होती. एकोणऐंशी वर्षांची, म्हणजे तिची मोजणी. युएश्याने फाटलेली पोळी घडी घालून ताटात ठेवली. बोलून काय करणार? आई, तू मला नवव्या वर्षी ते खायला घातलंस आणि बघ माझं काय झालं, असं म्हणायचं? कशाने झालं ते डॉक्टरांनासुद्धा सांगता आलं नव्हतं.

"बाबांनाच विचारू या," ज्याहोंग म्हणाला. त्याला वाटलं, हा तोडगा.

बाबांनाच विचारायचं ठरलं. आईने देव्हाऱ्यातून कौल लावायचे दोन चंद्रकोरी ठोकळे काढले. एक बाजू सपाट, एक फुगीर; एक उताणा एक पालथा पडला तर होकार. लोकांच्या घरी हे लाकडाचे असतात. यांच्याकडे अर्थातच प्लॅस्टिकचे होते, बाबांनीच एके वर्षी काढलेले, आणि बाजारात ते चालले नाहीत याचं कारण ते जमिनीवर टाकले की उसळायचे.

"अहो," आई फोटोला म्हणाली, "पोर दहाची आहे ना?"

ठोकळे उसळले, एक खुर्चीखाली गेला. दोन्ही उताणे. म्हणजे ना होकार ना नकार, बाबा नुसते हसले.

"बाबा, आठची ना?" पेइयूनेही हात जोडले. शास्त्रशुद्ध बाई, पण वेळ आली की सगळे हात जोडतात. ठोकळे पुन्हा उसळले. पुन्हा दोन्ही उताणे.

तिसऱ्यांदाही बाबा हसलेच.

"हसतायत म्हणजे त्यांची ना नाही," आईने निकाल दिला आणि पाणी तापत ठेवायला स्वयंपाकघरात गेली. पेइयू तिच्या मागोमाग धावली. तिथून दोघींचे आवाज यायला लागले.

युनशी केव्हाच उठून गेली होती. युएश्या मागे अंगणात आली तर पोर क्रेटपाशी उकिडवी बसली होती आणि फटीतून आतल्या कोंबडीला शेवयांचा तुकडा देत होती.

"आत्या, ही किती वर्षांची आहे?"

"चार महिन्यांची असेल."

"आजीच्या मोजणीने?"

"आजीच्या मोजणीने ही म्हातारी झाली," युएश्या म्हणाली, पण पोर हसली नाही. जाकिटाची चेन ओठात धरून बसली. मग कोंबडीकडेच बघत म्हणाली,

"माझे आले ना, की मग तुझ्यासारखे कापतील का?"

म्हणजे ही पोर तीन महिने हे पोटात ठेवून फिरतेय. घरातले सगळे शहाणे तिचं वय मोजत बसले आणि तिला काय वाटतंय हे एकाही गाढवाने विचारलं नाही. त्या गाढवांत आपणही आहोत. युएश्या तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"नाही गं सोन्या. माझं दुखणं वेगळं होतं. आणि माझी पण एकच बाजू काढली, मी बघ, धडधाकट आहे. बहुतेक बायकांना हे कधीच होत नाही. तुला लवकर यायला लागलेत एवढंच, आणि तेही डॉक्टर थोडं थांबवू शकतात."

"मग आजी लवकर लवकर मोठी का करतेय?"

"तिला ते चांगलं वाटतं म्हणून."

"मला अजून दुधाचे दात आहेत," युनशी म्हणाली. "मला कोंबडी नाही खायची. पण मी नको म्हटलं तर आजी रडेल, आणि हो म्हटलं तर मम्मी रडेल."

युएश्या उठली. आईशी भांडून उपयोग नव्हता, वैद्य तिच्या बाजूने, हाडं तिच्या बाजूने, बाबा हसून मोकळे. भांडायचं तर एकच गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती तिला सांगायची नव्हती. ती सरळ आत गेली. फ्रिजचं दार उघडलं. आई आणि पेइयू चुलीपाशी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. युएश्याने एक अंडं उचललं, बाहीत सरकवलं, बाहेर आली, क्रेट जरासा उचलला आणि अंडं कोंबडीखाली सारलं. कोंबडी दचकून बाजूला झाली आणि त्या अंड्याकडे संशयाने पाहायला लागली.

"आत्या!" युनशीचे डोळे विस्फारले.

"तू काही पाहिलं नाहीस. ओरड आता."

"काय ओरडू?"

"अंडं!"

"अंडं!" युनशी किंचाळली. "आजी, अंडं घातलं!"

आई, पेइयू, ज्याहोंग, सगळे धावत आले. ज्याहोंगच्या हातात गुंडाळी होती. आईने क्रेट बाजूला सारला. खाली अंडं होतं, आणि आत्ता कुठे युएश्याने ते नीट पाहिलं. पेइयूने शहरातून आणलेलं धुतलेलं, महागाचं अंडं. त्यावर काळ्या शाईत कुक्कुटपालन केंद्राचा नंबर छापला होता, आणि खाली तारीख. वर फ्रिजच्या गारव्याने त्याला घामाचे थेंब फुटले होते.

"अगं आई, याच्यावर तर तारी—" ज्याहोंग म्हणाला.

पेइयूने त्याच्या पायावर पाय दिला. चांगला टाच रोवून दिला. युएश्याने तिच्याकडे पाहिलं. या दोघी नणंद-भावजय बारा वर्षांत कधी एका बाजूला आल्या नव्हत्या.

आईने वाकून अंडं उचललं. गार अंडं तळहातावर धरून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. तिने अंगठा तारखेवर ठेवला, मग मान वर केली आणि एकदा युएश्याकडे पाहिलं, एकदा युनशीकडे. युनशी दोन्ही हातांनी जाकीट धरून उभी होती.

"अंडं अजून ऊन आहे," आई म्हणाली. "आत्ताच घातलंय."

ज्याहोंगने हातातली गुंडाळी तोंडात कोंबली.

"फसवलं मेल्या कोंबडीवाल्याने," ती कडाडली. "तलंग म्हणून दिली आणि ही अंड्यावर आलेली! चार महिन्यांत! कसलं खाद्य घालतात कुणास ठाऊक. आता ही पोरीला चालायची नाही. गॅस बंद कर, पेइयू."

"दुसरी आणायची का?" ज्याहोंगने विचारलं, आणि त्याच्या दुसऱ्या पायावर बहिणीचा पाय पडला.

"नको," आई म्हणाली. "आजकाल सगळ्याच अशा निघतात."

पेइयू गॅस बंद करायला पळाली ती जवळजवळ नाचतच. ज्याहोंग लंगडत तिच्या मागे गेला. युनशीने क्रेट काढून टाकला आणि कोंबडी अंगणभर हिंडायला लागली.

युएश्या स्वयंपाकघरात आली तेव्हा आई फ्रिजसमोर उभी होती. दार उघडं होतं. अंड्यांच्या कप्प्यात एक खाच रिकामी होती. आईने अंडं ॲप्रनला पुसलं, आणि त्या खाचेत नीट बसवलं. दार लावलं. वळली मात्र नाही.

"तुला घातली होती तेव्हा," ती दाराकडेच तोंड करून म्हणाली, "तू किती वर्षांची होतीस?"

"अकरा. तूच म्हणालीस ना."

"माझी मोजणी नको सांगू."

युएश्याला खोटं बोलायचं होतं. तिने अंड्याचं नाटक केलं होतं तेही यासाठीच. पण आईच्या पाठीकडे बघून तिला ते जमलं नाही.

"नऊ," ती म्हणाली.

आईने हात फ्रिजवर टेकवला. "नऊ. मी दाराबाहेर उभी होते, माहितीय? तू आत हाडं चोखत होतीस, मी ऐकत होते. म्हटलं, बाकीच्यांच्या पोरी अजून मातीत खेळतायत आणि माझी बघा, केवढी झाली. सगळ्या गल्लीला सांगितलं मी."

"छान झाली होती गं, आई. मला अजून चव आठवते."

"त्याच्यानेच झालं का?"

"कुणाला सांगता येत नाही. खरंच नाही येत. त्यानं झालं असेल, प्लॅस्टिकनं झालं असेल, कशानंच नसेल. तू डॉक्टरला विचार हवं तर."

आई बाहेर आली. टेबलावर पेइयू फॉर्म आवरत होती. आईने तिच्या हातातून तो ओढून घेतला, पान शोधलं आणि बोट ठेवलं.

"हे अकरा खोड. नऊ लिही. पोरीच्या उपयोगाचं आहे ना ते? मग खरं लिही. आणि आजीला मोजता येत नव्हतं, तेही लिही."

"त्याला जागा नाहीये, आई," पेइयू हळू आवाजात म्हणाली.

"कडेला लिही."

पेइयूने खरंच कडेला लिहिलं. आईने ते पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली आणि मग खुर्ची ओढून बसली.

"आजपासून या घरात सगळ्यांचं वय कार्डावरचं," ती म्हणाली.

"तुझंपण?" ज्याहोंगने विचारलं.

"माझं राहू दे मेल्या. युएश्या, तुझं कार्डावर किती?"

"एकोणपन्नास."

"मी तुला एक्कावन्न धरून बसले होते." आईने तिचा हात पकडला, इतका घट्ट की युएश्याची बोटं दुखायला लागली. "म्हणजे दोन वर्षं तू अजून वापरलीच नाहीस."